गिटारला चौथी सीट

ठाणे (पूर्व)
गुरुवार रात्र

चि. सोहम यास अनेक आशीर्वाद.

तुझी आठही गाणी ऐकून झाली. "बाबा, रविवारपर्यंत काय ते सांगा, सोमवारी मास्टरिंगला देतोय" असं तू लिहिलंस, म्हणजे त्यानंतर गाण्यांवर शेवटचा हात फिरणार, म्हणून आधी व्हॉइस मेसेज करायला बसलो. दोनदा बोललो, दोन्ही वेळा नेमकी फास्ट लोकल गेली आणि मधली चार वाक्यं घेऊन गेली. शेवटी वहीतलं पान फाडलं. याचा फोटो काढून पाठवतो. अक्षर लागलं नाही तर आईला फोन कर.

आधी तक्रार. कौतुक तू मित्रांकडून ऐकतच असशील. तू गिटारला चौथ्या सीटवर बसवलं आहेस.

ठाणे ते करी रोड मी लोकलने 33 वर्षं केलं. तिघांच्या बाकावर टेकलेला चौथ्या सीटवरचा माणूस मला पाठमोराही ओळखू येतो. एक पाय पॅसेजमध्ये, अर्धं बूड हवेत, बॅग मांडीवर उभी, आणि ब्रेक लागला की पहिला घसरतो तोच. तुझ्या दुसऱ्या गाण्यात गिटारचं अगदी हेच होतं. किक, म्हणजे ड्रमचा तो जाड ठोका, पडली की ती दबते, किक सरली की वर येते, की परत किक. याला साइडचेन म्हणतात, किकला जागा मिळावी म्हणून बाकीचे आवाज तेवढ्यापुरते आपोआप खाली घ्यायचे, हे तूच मला समजावलं होतंस. सिंथच्या, म्हणजे सिंथेसायझरच्या, लांबलचक सुरांना ते शोभतं, गाणं श्वास घेतंय असं वाटतं. पण गिटारची तार छेडल्याबरोबर जो टणका येतो, त्यातच तिचा जीव असतो. किकबरोबर वाजलेला प्रत्येक टणका तू दाबलास आणि मागची शेपटी तेवढी ठेवलीस.

हे माझ्या लक्षात आलं ते आईमुळे. मंगळवारी संध्याकाळी मी तुझे दिवाळीचे मोठे हेडफोन लावून हॉलमध्ये बसलो होतो. आई आत गवार मोडत होती, फोन नेहमीसारखा स्टीलच्या पातेल्यात उभा केलेला. गाणं संपल्यावर बाहेर येऊन म्हणाली, "काय सुरेख गिटार वाजवलीय रे त्याने! आणि नुसती गिटार, मागे कसला गोंधळ नाही." मी म्हटलं, "गिटार आहेच कुठे?" यावर आमची पाच-सात मिनिटं जुंपली. ती म्हणे तुला वयोमानाने ऐकू येत नाही, मी म्हणे तू भलतंच काहीतरी लावलंस. मग मी पातेल्यापाशी गेलो आणि हेडफोन तिच्या कानाला लावले. अर्ध्या मिनिटात काढून माझ्या हातात दिले. "हे तर मंडळाचा डीजे आला दारात," म्हणाली.

गाणं एकच होतं. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं वाजवता येत नाही. तुझी किक पन्नास-साठच्या आसपास, बेस तिच्या शेजारी. ते सगळं फोनने गाळून टाकलं. गिटारची सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झची असली तरी तिच्यातून निघणारे वरचे सूर फोनमधून येतात आणि खालचा सूर कान मनाने भरून घेतो. म्हणून आईच्या वाट्याला गिटार आली आणि माझ्या वाट्याला डीजे. आता तू मिक्स करतोस ते हेडफोनवर की पातेल्यात, हे मला माहीत नाही, पण दोन्हीकडे एकदा ऐक.

माझं यंत्राशी वाकडं आहे असं समजू नकोस. तुझं चौथं गाणं 120 बीपीएमचं, मिनिटाला 120 ठोक्यांचं आहे ना? म्हणजे तासाला 7200 ठोके. छापखान्यात आमची जुनी ऑफसेट मशीन साधारण त्याच वेगाला, तासाला सात-साडेसात हजार कागदांवर लावलेली असायची. फीडरचे सकर कागद उचलताना फस्स करतात आणि मागून सिलिंडरचा ठोका येतो. तुझ्या त्या गाण्यातला वाळूसारखा सरकणारा आवाज सुरू झाला आणि मला एकदम शाईचा वास आला. बेअरिंग जायला आलं की ठोक्यात जरा लंगडेपणा यायचा, तो मी कॅन्टीनमध्ये बसून ओळखायचो. तुझ्या गाण्यात तसं काही नाही. मशीन चोख चालते आहे. मला चुकल्यासारखं वाटलं ते माणसाच्या बाजूचं.

तूच मागे मला चरणजित सिंग यांची ती रेकॉर्ड ऐकवली होतीस. 1982 ला वाजवलेली, एचएमव्हीची, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर. त्या वर्षी मी आयटीआय संपवून कामाला लागलो होतो, बाहेर गिरण्यांचा संप पेटला होता, आणि त्याच मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा हा माणूस रोलंडची तीन जपानी यंत्रं घेऊन भैरव, ललत, मालकंस वाजवत बसला होता. तेव्हा ती फारशी कुणी विकत घेतली नाही. 2010 ला परदेशातल्या लोकांनी ती पुन्हा काढली आणि मग सगळे थक्क झाले, की शिकागोत पुढे जे संगीत गाजलं त्याच्यासारखं हे मुंबईत आधीच कसं वाजलं होतं. हे सगळं तुझंच ज्ञान आहे, पण मला त्यातली एक गोष्ट आठवली. त्या तीन यंत्रांतलं टीबी-303 बनवलं होतं बेस गिटारवाल्याची उणीव भरून काढायला. त्या कामी ते फारसं चाललं नाही. पण त्याला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता यायचं, आणि सिंगसाहेबांनी त्या घसरण्यात मींड शोधली. यंत्रात गळ्याच्या जवळचं जेवढं होतं तेवढं त्यांनी वर काढलं. तुझ्याकडे तर अख्खी गिटार आहे. तुझ्या बोटांत मींड आहे, ओढ आहे, चुकून लागलेली शेजारची तारसुद्धा आहे, आणि तू तिला चादर पांघरून ठेवलंस.

पहिल्या गाण्याची सुरुवातच बघ. सिंथवर तू कॉर्ड धरलीस आणि अर्पेजिएटर तिचे सूर एकेक करून, सारख्या अंतराने, सारख्या जोराने वाजवतो. सोळा वेळा तेच. मग गिटार येते आणि तेच सूर बोटांनी वाजवते. तेव्हा कळतं की तुझी अनामिका जरा कच्ची आहे, तिसरा सूर दरवेळी किंचित उशिरा पडतो. तो उशीर ऐकला आणि माझ्या डोळ्यांसमोर तू आलास, बारावीनंतर खिडकीत भिंतीकडे तोंड करून वाजवत बसलेला. आमच्याकडे तोंड करून तू कधी वाजवलं नाहीस. मिक्समध्येही तेच केलंयस.

मे महिन्यातलं ते रेकॉर्डिंग मला तोंडपाठ आहे. शेवटची लोकल जाऊन पहिली यायच्या आतले तीन तास. पंखा बंद, खिडक्या बंद, कपडे वाळवायच्या स्टँडवर दोन गोधड्या आणि माझी लग्नातली शाल. तो कंडेन्सर माइक त्याच्याच वायरमधून 48 व्होल्ट खातो म्हटल्यावर मला त्याच्याबद्दल आदर वाटला, टेलिफोन एक्स्चेंजलाही 48 च असतात. आणि पहिल्या रात्री गिटारचा पिकअप लावलास तर मागे घूंऽऽ. तारांना हात लावला की कमी, हात काढला की पुन्हा सुरू. तू स्क्रीनवर मला सुळके दाखवलेस, 50 हर्ट्झला, 100 ला, 150 ला, म्हणजे घरच्या विजेचीच घूं. तुझं गाणं जी मधलं, जी म्हणजे 49 हर्ट्झ, त्यामुळे ती घूं तुझ्या षड्जाला चिकटून जरा चढी लागत होती. सॉफ्टवेअरमधल्या प्लगइनने कापतो म्हणालास. मी म्हटलं, थांब, हे माझं खातं.

फेज आणि अर्थ यांत टेस्ट लॅम्प धरला, दिवा लागेना. सॉकेट उघडलं तर अर्थच्या पिनला वायरच नव्हती. तिसरं भोक नुसतं शोभेचं! तीस वर्षं या घरात आपण त्याच खोलीत इस्त्री करत होतो आणि मी, पगारी इलेक्ट्रिशियन, ते कधी उघडून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीटरपासून वर हिरवी वायर ओढली. रात्री तू हेडफोन माझ्या कानाला लावलेस, आणि आत काही म्हणजे काही नव्हतं. नोकरीत मी शेकडो मशीनी सुरू करून दिल्या, पण शांतता चालू करून दिली ती त्या एकाच रात्री.

एवढ्या खटपटीने मिळवलेल्या शांततेत वाजवलेली गिटार तू खाली का घेतलीस, एवढंच मला विचारायचं आहे. "जोर हवा" म्हणून असेल तर तूच सांगितलंस की स्पॉटिफायसारखे लोक सगळ्यांची पातळी सारखी करतात, उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास आणतात. मग ओरडणाऱ्याला तिथे काय जास्त मिळणार? त्यापेक्षा किक थोडी कमी कर, गिटारवरचं साइडचेन काढ, निदान दुसऱ्या, तिसऱ्या आणि सातव्या गाण्यात.

कॉर्ड बदलताना जाड तारांवर बोटं घासून जो चीं आवाज येतो, तो तू पाचव्यातून पुसलायस. मला तो हवा आहे. मात्र सहाव्याच्या शेवटी पहाटेच्या पहिल्या लोकलचा भोंगा आलाय आणि तो "वातावरणासाठी" ठेवलाय म्हणालास, तो काढ. पुण्यात बसून तुला भोंग्याची आठवण येत असेल. इथे तो रोज फुकट येतो.

आठवं गाणं मला समजलं नाही. परत ऐकतो.

आता व्यवहाराचं, थोडक्यात. तुझ्या मित्राने पाचव्यात आलाप गायलाय, त्याचा वाटा किती ते आत्ता कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या. गाणं चाललं तर मग भांडण होतं, आणि नाही चाललं तरी होतं. प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख नंबर, डायरीत उतरवून ठेव. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं राहतो, तेव्हा तू 88 चा असशील, त्यामुळे कागद पावसात भिजतील असे ठेवू नकोस. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस संस्थेचा फॉर्म अजून भरला नाहीस हे मला आईकडून कळलं. बँडकॅम्प या गाणी विकायच्या साइटवर ठेवलंस तर डिजिटल विक्रीतले 15 टक्के ते कापतात, हे हिशेबात धर. पहिल्या महिन्यात किती आले ते मला सांगू नकोस, सहाव्यात सांग.

तुझी जुनी गिटार इथे बरी आहे. पावसाने लाकूड फुगलं, तारा पट्टीपासून वर उचलल्या आणि बाराव्या पट्टीपाशी बोट दाबायला जड झालं होतं. एलन कीने मानेतल्या सळईचा नट पाव फेरा फिरवला, त्याहून जास्त हात लावला नाही. आईने चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या सगळ्या पुड्या केसमध्ये भरल्यात. गिटारपेक्षा पुड्याच जास्त झाल्या आहेत.

शनिवारी रात्री आलास तर खोली रिकामी ठेवतो. सातव्यातली गिटार पुन्हा वाजवायची असेल तर गोधड्या धुऊन वाळल्या आहेत. आणि येताना तो निळा एक्स्टेन्शन बोर्ड परत आण. तो माझा आहे, आणि त्याची अर्थिंग मी स्वतः तपासलेली आहे.

तुझा,
बाबा