पोर्तुगीजांची रेघ आमच्या विहिरीवरून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाण ब्लॉकमधून, म्हणजे सरकार खाणीसाठी लिलावात काढते त्या जमिनीच्या पट्ट्यांतून, घरे, देवळे आणि शेते वगळा, ही मागणी करणाऱ्या गावकऱ्यांच्या बातम्या आपल्या अंकात सारख्या येत असतात. त्यावर येणाऱ्या काही पत्रांचा सूर ठरलेला असतो: 'खाणी साठ-सत्तर वर्षांपासून आहेत, इतकी वर्षे हे लोक कुठे होते?' मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. या प्रश्नाचे उत्तर आमच्या काजूच्या बागेत उभे आहे, म्हणून हे पत्र.

बागेच्या वरच्या अंगाला गुडघ्याएवढा एक घडीव दगड आहे, त्यावर आकडा कोरलेला. लहानपणी त्यावर बसून आम्ही बोंडू चोखायचो आणि आजोबा लांबूनच ओरडायचे, 'मार्कावर बसू नका रे!' मार्क म्हणजे हद्दीचा दगड. पण ती हद्द आमच्या बागेची नव्हती, कुणाच्या तरी मायनिंग कन्सेशनची, म्हणजे खनिज काढायच्या सरकारी हक्काची होती. वरची जमीन आमची आणि तिचे पोट दुसऱ्याचे! तो दुसरा कोण, हे आजोबांना मरेपर्यंत कळले नाही. दगड हलवला तर सरकार विचारायला येते, एवढेच त्यांना ठाऊक होते.

आता थोडे कायद्याचे. पोर्तुगालने आपल्या वसाहतींमधल्या खाणींसाठी २० सप्टेंबर १९०६ रोजी एक फर्मान काढले. जमीन कुणाचीही असो, भाटकाराची (जमीनदाराची), गावकरीची (गावाच्या सामाईक संस्थेची) वा देवस्थानाची, तिच्या पोटातले खनिज सरकारचे. ज्याला ते सापडले त्याने सरकारदरबारी नोंद करायची आणि पुढे कन्सेशनचा कागद मिळवायचा. हे कन्सेशन बेमुदत. अशा कन्सेशनांच्या हद्दीच्या शेकडो रेघा डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांवर ओढल्या गेल्या, आणि बहुतेक गावांना त्यांचा पत्ताही नव्हता. हे सगळे तालुके नव्या काबिजादीतले, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेलेले. तुमच्या चालीरीतींना, देवधर्माला हात लावणार नाही, असे वचन इथल्या लोकांना देण्यात आले होते. ते त्यांनी बऱ्यापैकी पाळलेही. देवळाखालच्या जमिनीबद्दल मात्र त्या वचनात काही नव्हते!

सरकारने सार्वजनिक कामासाठी जमीन घेतली की निदान डोळ्यांना दिसते. मुरगावचे बंदर आणि तिथून कॅसलरॉकला जाणारी रेल्वे घ्या. १८७८च्या अँग्लो-पोर्तुगीज करारातून ती आली आणि १८८०च्या दशकात रूळ पडले. (त्याच करारात आमची मिठागरे इंग्रजांच्या ताब्यात गेली, पण ते रडगाणे आज नको.) ज्याच्या शेतातून रूळ गेला त्याला शेत गेल्याचे त्याच दिवशी कळले. मग ओरडायचे, भांडायचे, मिळेल ती भरपाई घ्यायची. कन्सेशनचे तसे नव्हते. कागद झाला, मार्क रोवले गेले आणि पुढची कित्येक वर्षे वर काजू, नाचणी आणि गुरे जशीच्या तशी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे झाले. १९५५च्या सुमारास भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि पोर्तुगीज सरकारलाही पैशासाठी खनिजच दिसू लागले, तेव्हा त्या कागदांना एकदम किंमत आली. तोवर ज्याच्यासमोर दगड रोवला तो माणूस बहुधा गेलेला. 'इतकी वर्षे कुठे होता' असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज गेले, रेघ राहिली. कन्सेशने रद्द करून त्यांची लीज (मुदतीचा भाडेपट्टा) करणारा कायदा संसदेत झाला तो १९८७ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी. तो २० डिसेंबर १९६१पासून लागू धरला. नाव बदलले, हद्दी त्याच. खाणमालक त्याविरुद्ध कोर्टात गेले हे वेगळेच. पुढे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४मध्ये स्पष्ट केले, की या लीजची जास्तीत जास्त मुदत २२ नोव्हेंबर २००७ला संपली होती आणि त्यानंतरचे खाणकाम बेकायदा होते. लीजच्या बाहेर माती टाकता येणार नाही, हेही त्याच निकालात आले. एक टन खनिजासाठी दोन-तीन टन माती काढावी लागते. ती कुठे गेली हे सत्तरीतल्या पिसुर्ले गावच्या शेतकऱ्याला विचारा, पावसाळ्यात ती त्याच्या शेतात असते. शिरगावात खाणी भूजलाच्या खाली गेल्या आणि विहिरी आटल्या. तिथल्या लईराई देवीच्या जत्रेला येणाऱ्या लाखभर लोकांना हे दिसत नाही, कारण ते दोन दिवसांनी घरी जातात.

मी खाणविरोधी नाही. माझ्या धाकट्या भावाने कर्ज काढून ट्रक घेतला होता. २०१२ला खाणी बंद पडल्यावर तो ट्रक अंगणात ताडपत्री घालून उभा होता आणि बँकेचा माणूस चहा पिऊन जायचा. सरकारी नोकरी नसलेल्या या भागात खाणीने घरे बांधली, पोरे शिकवली. हे नाकारणारा खोटे बोलतो.

पण डिसेंबर २०२२पासून लिलाव सुरू झाले. जुनी लीज संपली होती, पाटी कोरी होती. साठ वर्षांत पहिल्यांदा गावात येऊन, बघून, विचारून नवी हद्द ठरवता आली असती. झाले असे, की जुन्याच रेघा एकत्र जोडून ब्लॉक केले. पूर्वीची लीज बहुतेक शंभर हेक्टरच्या आतली. डिचोली-मुळगावचा ब्लॉक सुमारे ४७८ हेक्टरांचा आहे. मधल्या साठ वर्षांत त्या रेघेच्या आत वाडे वाढले, मुंडकारांना (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना) घरे मिळाली, देवळांचे जीर्णोद्धार झाले. या घरांना नंबर आहेत, घरपट्टी भरली जाते, जमिनीच्या नोंदीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नावे आहेत. एक खाते हे सगळे मान्य करते आणि दुसरे खाते त्याच जमिनीचा लिलाव पुकारते.

आमच्या बागेवरच्या जुन्या कन्सेशनचा कागद मी माहिती हक्काखाली मागितला. कचेरीचे नाव घेत नाही, पण आठ महिने आणि सहा फेऱ्या लागल्या. हातात आली ती पोर्तुगीज टंकलिखिताची पुसट झेरॉक्स. शेजारच्या वाड्यावर लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात शिकलेले एक वयस्कर सद्गृहस्थ आहेत. त्यांनी भिंग लावून वाचून दाखवली. 'पोर तेंपु इलिमितादु' इथे ते थांबले आणि हसले. म्हणजे अमर्याद काळासाठी. पुढे हद्दीचे वर्णन होते. आरंभबिंदू म्हणून लिहिले होते, आमच्या वाड्यावरची विहीर! तिच्यापासून अमुक मीटर ईशान्येला पहिला मार्क, तिथून ओहोळाच्या कडेने दुसरा, असे करत परत विहिरीपाशी.

नंतर मी नव्या ब्लॉकचा नकाशा पाहिला. आमचा वाडा त्याच्या आत आहे. विहीर दाखवलेली नाही. पोर्तुगीज कारकुनाने आमचे पोट दुसऱ्याला लिहून दिले हे खरे, पण तो इथे आला होता आणि त्याने विहीर पाहिली होती.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक ब्लॉकचा नकाशा सर्व्हे नंबरांसह संबंधित पंचायतीत लावावा. त्यावर घरे, देवळे, तळी, विहिरी आणि चालू शेते दाखवावीत, मग ती हद्दीतून वगळावीत आणि त्यानंतरच उत्खननाला परवानगी द्यावी. जुने पोर्तुगीज कागद मराठी-कोकणीत करून मिळावेत. वाचता येणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आमचे शेजारी पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. आणि सुनावणी गावात घ्यावी, तीही एप्रिलमध्ये. तेव्हा आमच्या विहिरीला अजून चार हात पाणी असते. नकाशा काढणाऱ्या साहेबांनी यावे, मी स्वतः पोहरा टाकून पाणी काढून देईन.

आपला,
एक वाचक, डिचोली तालुका