आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: मॉर्फीनच्या गोळ्या कुठे आहेत?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तोंडाने घ्यायचे मॉर्फीन, म्हणजे असह्य दुखण्यावरचे अफूपासून बनणारे औषध, मिळेल, असा शब्द आपण दिला होता. आले काय, तर फेंटानिल या वेदनाशामकाचे कातडीवर चिकटवायचे पॅच आणि ट्रामाडॉल या सौम्य वेदनाशामकाची इंजेक्शने. यादी करणाऱ्याने कर्करोगाची कळ कधी जवळून पाहिलेली दिसत नाही.

पॅचचा पूर्ण असर व्हायला १२ ते २४ तास जातात. आज तळमळणाऱ्याने तोवर काय करायचे? आधी गोळीने दुखणे आटोक्यात यावे, मात्रा ठरावी, मग पॅच. तो ७२ तासांनी बदलायचा. ताप चढला किंवा वरून शेक दिला तर औषध भराभर अंगात उतरते, श्वास मंदावतो. घरच्यांना हे सांगणार कोण? पाकिटावरचे बारीक इंग्रजी?

हवी आहे साधी १० मिग्रॅची गोळी. कळ उठायची वाट न बघता, घड्याळ लावून, दर ४ तासांनी. मध्येच दुखले तर दिवसभराच्या मात्रेचा सहावा हिस्सा जादा. झोपताना दुप्पट दिली की मध्यरात्री उठवावे लागत नाही. आणि पहिल्या दिवसापासून रेचक! ते विसरले की शौचाला होत नाही आणि घरचे गोळीच बंद करतात. लांब असराची गोळी मात्र कुटून नाकाच्या नळीतून देऊ नये, १२ तासांचे औषध एकदम सुटते. गिळवेनासे झाले की कातडीखाली बटरफ्लाय सुई (पंखांची बारीक सुई) बसवावी आणि तोंडाच्या निम्मी मात्रा द्यावी. सिरिंज पंप (औषध हळूहळू सोडणारे यंत्र) नसला तरी त्याच सुईतून दर ४ तासांनी देता येते. दंडात-कमरेत टोचता कशाला? सापळा झालेल्या देहात स्नायू उरलाय कुठे? मूत्रपिंडे निकामी असतील तिथे मॉर्फीन साचते. आपले पॅच खरे तिथे कामाचे.

कायद्याकडे बोट दाखवू नका. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली. मॉर्फीन ठेवायला संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते. तरी कारकून जुन्याच परवान्यांची चळत मागतात. अफू मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते, कारखाने नीमच आणि गाझीपूरला, तेही सरकारचेच. पिकवणारे तुम्ही, अडवणारेही तुम्हीच. चोरट्या धंद्याला एवढी कागदपत्रे लागत नाहीत म्हणे!

पुढच्या खरेदीत गोळ्या, रेचक आणि बटरफ्लाय सुया एकत्र मागवा. आणि मात्रा लिहू शकणारा एक तरी डॉक्टर प्रत्येक तालुक्यात तयार करा. नाहीतर गोळ्याही कपाटातच मुदत संपून पडतील.

आपले,
पॅलिएटिव्ह केअरमधील (गंभीर आजारात दुखणे हलके करणाऱ्या सेवेतील) डॉक्टर व परिचारिका