शंभर टक्के निकालात न मोजलेली मुले

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की शंभर टक्के निकालाच्या शाळांची यादी ठाण्याच्या पानावर छापून येते. त्यात शहापूर तालुक्यातल्या आडबाजूच्या शाळेचे नाव दिसले की मलाही आनंद होतो. पण अशाच एका शाळेत मी वर्षानुवर्षे गणित शिकवले आहे, आणि ही टक्केवारी कशी जमते ते पाहिले आहे.

निकाल मोजतात तो परीक्षेला बसलेल्या मुलांवर. नववीत कच्चे राहिलेले मूल दहावीच्या पटावर आलेच नाही, तर निकालाला धक्का लागत नाही. मग पालकांना बोलावून सांगितले जाते, "याला झेपणार नाही, दाखला न्या, 17 नंबरचा फॉर्म भरा." एका कातकरी मुलाचे वडील वीटभट्टीवरचा खाडा करून आले होते. दाखल्याच्या अर्जावर अंगठा उठवून त्यांनी मला विचारले, "बाई, मंग आता शाळा कोनची?" बाहेरून परीक्षा द्यायची म्हणजे रोजची शाळा सुटली, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंत पाठीशी असतो. पुढे मूल शाळेत आले नाही तर शोधायला जाणे कोणावर बंधनकारक नाही. भातकापणी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, चांगलीच सोय आहे. पण पाड्यापासून फाट्यापर्यंत चालावेच लागते. उन्हाळ्यात टँकरपाशी हंडे घेऊन उभ्या राहतात त्याही मुलीच. भातसा, तानसाचे पाणी मुंबईला पुरवणाऱ्या तालुक्यात हे घडते, याचा मला संताप येतो.

वर्गात टिकलेल्यांची कथा वेगळी. नववीत बहुपदी शिकवायच्या, आणि 612 ला 6 ने भागायला दिले तर अर्ध्या पाट्यांवर उत्तर 12! मधले शून्य चौथीतच हरवलेले असते. मुलांना वाचन-गणित कितपत येते ते तपासणाऱ्या 'असर' या पाहणीच्या 2023 च्या अहवालानुसार ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या जेमतेम 43.3 टक्के मुलांना असा भागाकार जमला. तरी दहावीत अंतर्गत 20 पैकी 18 गुण पडले, की लेखीत 80 पैकी 17 मिळवून उत्तीर्ण होता येते. अंतर्गत गुण काढून घ्या असे मी मुळीच म्हणणार नाही, त्यांच्यावर कितीतरी गरीब मुले तरतात. मात्र गणिताचे पद रिकामे ठेवून तो तास भाषेच्या शिक्षकांकडे द्यायचा आणि वर शंभर टक्क्यांचा फलक लावायचा, हे मुलांना फसवणे आहे.

आपल्याला एकच विनंती. 2025 मध्ये राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला, तसे आकडे जरूर छापा. सोबत प्रत्येक शाळेत दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती मुले होती, त्यातली किती दहावीला बसली आणि गणित, विज्ञानाची पदे भरलेली होती का, तेही छापा. शाळा ही माहिती दरवर्षी यू-डायस या सरकारी शालेय नोंदणीत भरतातच. निकालाच्या दिवशी आपल्या वार्ताहराने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे ती मागावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. शहापूर, जि. ठाणे