नाव कमी करण्याआधी

प्रति,
मा. नागरिकत्व व बहुसांस्कृतिकता मंत्री,
ऑन्टारिओ प्रांतिक सरकार, टोरांटो.

विषय : जुन्या वास्तू आणि जागांच्या सरकारी वारसा नोंदवहीतल्या जागांची नावं १ जानेवारी २०२७ रोजी आपोआप कमी होण्याबाबत.

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर रवाना झाली आहे. ही मराठी प्रत आमच्या माणसांसाठी. ऑक्टोबर आला की ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडची मराठी मंडळी गाड्या काढून आमच्या ग्रे काउंटीत लाल पानं बघायला येतात, सफरचंदांच्या टोपल्या डिकीत टाकतात आणि आल्या वाटेने परत जातात. ती वाट कोणी पाडली, हे विचारायला कोणी थांबत नाही. सुरुवातीला मीही थांबत नव्हतो.

मी महाराष्ट्रात जमीन मोजणीच्या कामात ३१ वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर मुलीकडे राहायला आलो. हाडाच्या मोजणीवाल्याला रिकामं बसवत नाही; पहिल्याच उन्हाळ्यात घरासमोरचा खडीचा रस्ता एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत टेप टाकून मोजला. ६६ फूट. पुढच्या चौकातला मोजला, तोही ६६. म्हणजे गंटरची एक साखळी, इंग्रजांचं जमीन मोजायचं जुनं माप. मुंबई इलाख्यातली आमची जुनी साखळी ३३ फुटांची, तिचे १६ सारखे भाग, त्यांना आणे म्हणतात. ३३ गुणिले ३३ म्हणजे आमचा गुंठा. दोन गुंठे शेजारी शेजारी मांडले की इथल्या रस्त्याची रुंदी भरते. सात समुद्र ओलांडून आलो तरी इंग्रजांची साखळी काही सुटली नाही, असं मी मुलीला म्हणालो. ती म्हणाली, बाबा, लोक बघतायत, टेप गुंडाळा.

त्या टेपमुळेच मी तुमच्या इतिहासात शिरलो.

इथली जमीन १८३६ साली सरकारकडे आली. नायब गव्हर्नर सर फ्रान्सिस बाँड हेड यांनी इथल्या मूळ रहिवासी सॉगिन ओजिब्वे लोकांशी करार करून सुमारे १५ लाख एकर घेतले आणि उत्तरेचं द्वीपकल्प तेवढं तुमच्यासाठी गोऱ्यांपासून राखू, असा शब्द दिला. १८ वर्षांनी, १८५४ साली, त्या द्वीपकल्पाचाही बहुतेक भाग दुसऱ्या करारात गेला. सरकारने राखणदारीचं वचन मोडलं, असं ऑन्टारिओच्या न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. वसाहतकारांच्या कौतुकात हे पान उलटून पुढे जायची पद्धत आहे, म्हणून आधीच सांगितलं.

मग आले मोजणीदार. चार्ल्स रँकिनने १८३७ पासून गॅराफ्रॅक्सा रस्त्याची आखणी केली. आजचा ६ नंबरचा हायवे ओवेन साउंडला जातो तो बराचसा त्याच रेषेवरून. १८४० च्या दशकाच्या अखेरीस डरहॅम रस्ता आखला. दोन्ही रस्त्यांच्या कडेला ५० एकरांचे तुकडे फुकट. फुकट म्हणजे कागदावर. डरहॅम रस्त्याची अट अशी, की ४ वर्षांत १२ एकर जंगल साफ करायचं आणि घर उभारून राहायचं. जंगल म्हणजे मेपल आणि बीचची झाडं, दोन माणसांच्या कवेत न मावणारी, आणि हातात एक कुऱ्हाड. झाड पाडलं तरी खुंट जमिनीत तसाच, तो कुजायला पाच-दहा वर्षं. म्हणून पहिला गहू खुंटांच्या मधल्या जागेत हाताने फेकायचा आणि वरून फांदी ओढून झाकायचा. गिरणी दहा-वीस मैलांवर, पोतं पाठीवर. दलदल लागली की रस्त्यावर ओंडके आडवे टाकायचे, त्यावरून बैलगाडी खडखडत जायची. त्या खडखडाटाने पोटातलं पाणीसुद्धा हलत असणार.

एक गोष्ट मला विशेष आवडली. पाडलेली लाकडं जाळून राख व्हायची, ती राख पाण्यात भिजवून तो अर्क मोठ्या लोखंडी कढईत आटवायचे. उरायचा तो पोटॅश, आपल्या पापडखाराच्याच जातकुळीतला. साबणासाठी आणि काचेसाठी त्याला मागणी होती, आणि पुष्कळ घरांत पहिली रोकड शेतीतून नव्हे, या राखेतून आली. एकट्याने ओंडके रचणं शक्य नव्हतं, तेव्हा शेजारपाजारचे बैल घेऊन यायचे, दिवसभर राबायचे आणि यजमानीण सगळ्यांना जेवू घालायची. त्याला इथे ‘बी’ म्हणतात. मराठीत त्याला इर्जिक हा शब्द आहे. हे कळलं तेव्हा मला परकं वाटायचं थांबलं.

असल्याच ओंडक्यांच्या घरात, प्रोटन टाउनशिपमध्ये, १८९० साली अ‍ॅग्नेस मॅकफेल जन्मल्या. १९२१ मध्ये त्या कॅनडाच्या लोकसभेत निवडून गेलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांचं नाव इथे सर्वतोमुखी आहे, चांगलंच आहे. पण मला लिहायचं आहे ज्यांचं नाव नाही त्यांच्याबद्दल.

आमच्या दक्षिणेला क्वीन्स बुश म्हणून भाग होता. तिथे मोजणी होण्याच्या आधीपासून, अमेरिकेतल्या गुलामीतून सुटून आलेली आणि जन्माने मोकळी असलेली कृष्णवर्णीय कुटुंबं जंगल तोडून राहत होती. १५०० च्या वर माणसं. शेतं उभी राहिली, चर्च आणि शाळा झाल्या. १८४० च्या दशकात सरकारने मोजणी लावली. मोजणी झाली की जमिनीला नंबर येतो, नंबर आला की किंमत येते. स्वतः साफ केलेली जमीन विकत घ्यायला अनेकांजवळ पैसे नव्हते. ते उठले. काही जण उत्तरेला आमच्याकडे आले. कुऱ्हाड पुन्हा पहिल्या झाडापासून.

मंत्रिमहोदय, मी मोजणीवाला आहे. माझ्या साखळीपुढे अशी माणसं उभी राहिलेली मी पाहिली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याचं नाव कब्जेदाराच्या रकान्यात नाही, कारण मागच्या कोणी तरी लिहिलं नाही. आम्ही सांगायचो, आम्ही फक्त मोजतो, नोंद तलाठ्याकडे. क्वीन्स बुशमधल्या मोजणीदारानेही असंच काहीसं सांगितलं असेल.

प्राइसव्हिल गावाबाहेर, जुन्या डरहॅम रस्त्यावर, अशा कुटुंबांनी वस्ती केली आणि आपली माणसं तिथेच पुरली. वंशज पांगले. १९३० च्या दशकात एका शेतकऱ्याने ती दफनभूमी नांगरून बटाटे लावले. थडग्यांचे दगड शेतातल्या इतर धोंड्यांबरोबर बांधावरच्या ढिगात गेले. गावाला माहीत होतं, गाव बोलत नव्हतं. ६० वर्षांनी स्थानिक लोकांनी शोध लावला, ढीग उपसले, मोजके दगड सापडले. ऑक्टोबर १९९० मध्ये नायब गव्हर्नर लिंकन अलेक्झांडर स्वतः आले आणि ती भूमी पुन्हा दफनभूमी म्हणून अर्पण झाली. कॅनडाच्या संसदेतले पहिले कृष्णवर्णीय खासदार तेच.

मी तिथे तीनदा गेलो आहे. सापडलेले दगड आता छपराखाली ठेवलेत. एकावर अक्षरं आहेत, पण तुकडा मोडलाय तिथे शब्दही मोडलाय. मी बोट फिरवलं. कोरणाऱ्याने ओळ सरळ यावी म्हणून आधी बारीक रेघ मारून घेतलेली असते, तशी रेघ बोटाला लागल्यासारखी वाटली. माझा भासही असेल. इतकी काळजी घेऊन लावलेला दगड पुढे धोंडा म्हणून फेकला गेला, कारण कुठल्या वहीत त्याची ओळ नव्हती.

दुसरी हकिकत याहून अलीकडची. इथून जवळ निग्रो क्रीक रोड आहे. १९९५ मध्ये तेव्हाच्या हॉलंड टाउनशिपने ते नाव बदलून एका गोऱ्या वसाहतकाराचं नाव द्यायचं ठरवलं. शब्द आता अपमानकारक आहे, हे खरंच. पण विरोध केला तो तिथल्या कृष्णवर्णीय वसाहतकारांच्याच वंशजांनी. त्यांचं म्हणणं, आमचे पूर्वज इथे होते याची एवढी एकच पाटी उरली आहे, तीही काढता? प्रकरण मानवी हक्क आयोगापर्यंत गेलं आणि जुनं नाव राहिलं. आमच्या मराठी मित्रांना हे सांगितलं की ते आधी दचकतात, मग गप्प होतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

तुमच्या वारसा कायद्यात प्रत्येक नगरपालिकेची नोंदवही असते. तिच्यात काही वास्तू पूर्ण संरक्षित, आणि बाकीच्या नुसत्या नोंदलेल्या. नुसत्या नोंदलेल्या मालमत्तेच्या मालकावर बंधन काय? पाडायची असेल तर ६० दिवस आधी कळवायचं, एवढंच. २०२२ च्या अखेरीस घरबांधणीला वेग देण्यासाठी विधेयक क्रमांक २३ मंजूर झालं आणि त्या नोंदींना मुदत लागली. ठरल्या तारखेच्या आत नगरपालिकेने संरक्षणाची सूचना काढली नाही, तर नाव वहीतून कमी, आणि एकदा कमी झालं की पुढची ५ वर्षं ते परत लावता येत नाही. ही तारीख १ जानेवारी २०२५ होती. ओरड झाल्यावर २०२४ मध्ये ती दोन वर्षांनी पुढे ढकलून १ जानेवारी २०२७ केली.

घरं हवीत, हे मी नाकारत नाही. माझ्या मुलीने घरासाठी दोन वर्षं पायपीट केली आहे. पण खुंटांमधून नांगर फिरवलेल्या शेताकडेला कोण टॉवर बांधायला रांग लावून उभा आहे? मुदत टोरांटोच्या पेठा डोळ्यांपुढे ठेवून घातली आणि लागू झाली आमच्या गावांना. संरक्षण द्यायचं तर नऊपैकी किमान दोन निकष सिद्ध करावे लागतात, त्यासाठी दप्तर चाळायला, जागेवर जायला, लिहायला माणूस लागतो. मोठ्या शहरात त्यासाठी अख्खा विभाग आहे. छोट्या गावात एकच नियोजनकार, तोच सांडपाणी बघतो आणि तोच वाळूच्या खाणींच्या तक्रारी ऐकतो. तारीख उलटायच्या आत तो किती वास्तू लिहून काढणार?

आणि वसाहतकारांची घरं ओळखणं सोपंही नसतं. विटांची हवेली रस्त्यावरूनच दिसते. इथे बाहेरून पांढऱ्या व्हिनाइलच्या पट्ट्या ठोकलेलं, कुणाचं लक्ष जाणार नाही असं घर असतं आणि आत भिंतीत १८५० च्या सुमाराचे ओंडके. आमच्या शेजाऱ्याने मागच्या वर्षी जुनं धान्याचं कोठार उतरवलं. तळाला दगडी जोतं, वर हातकुऱ्हाडीने ताशीव तुळया. मी पाहायला गेलो तर प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर छिन्नीने रोमन आकडे कोरलेले, सातला सात, नवाला नऊ. जमिनीवर जुळवून, खुणा करून, मग इर्जिकीच्या दिवशी पन्नास-साठ हातांनी एका दिवसात उचललेला सांगाडा तो. शेजाऱ्याला दोष देत नाही. विमा परवडत नव्हता, छप्पर गळत होतं. तुळया शहरातल्या कुठल्याशा हॉटेलच्या सजावटीला गेल्या. ते कोठार कुठल्याच वहीत नव्हतं. असतं तर ६० दिवस मिळाले असते, निदान कोणी तरी फोटो काढले असते, मोजमाप घेतलं असतं.

म्हणून मागणं फार मोठं नाही. ही मुदत काढूनच टाका. ते जमत नसेल तर निदान ग्रामीण नगरपालिकांना तिच्यातून वगळा. ५ वर्षांची बंदी तर कोणत्याच हिशेबात बसत नाही: नवा पुरावा सापडला तरी नाव लावायचं नाही, हे कुठल्या दप्तरात चालतं? आमच्या महसूल खात्याला लोक पुष्कळ नावं ठेवतात, पण चुकून कमी झालेलं नाव पुराव्यावर परत लावायची वाट तिथेही आहे. आणि प्रत्येक काउंटीमागे एक माणूस द्या, चार-पाच नगरपालिकांत मिळून फिरेल असा, ज्याला जुने दस्त वाचता येतात. त्याला पहिल्याच दिवशी सांगा, की हवेल्या मागाहून. आधी ज्यांच्याजवळ दस्तच नव्हते त्यांच्या जागा बघ: जुन्या वस्त्या, पडीक दफनभूमी, ओढ्याकाठची जोती. सॉगिन ओजिब्वे लोकांना विचारल्याशिवाय ती यादी पुरी करू नकोस, हेही.

फाइलवर शेरा मारण्याआधी एकदा प्राइसव्हिलला या. टोरांटोहून १० नंबरच्या रस्त्याने दोन तासांत पोचाल. पाऊस झालेला असेल तर गमबूट आणा, गवत गुडघ्याएवढं असतं. टेप मी आणतो.

आपला,
ग्रे काउंटीतला एक निवृत्त मोजणीदार