अनिकेतला, एनआयसीयूत रुजू होण्यापूर्वी

तासगाव, रविवार

चि. अनिकेत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी तू पुण्याच्या गाडीत बसलास तेव्हा आपले बोलणे अर्धवट आणि जरासे कडवट राहिले. "बाबा, चार वर्षे नर्सिंग शिकलोय मी, आणि तुम्ही अजून मला पाढे विचारताय," असे म्हणून तू खिडकीची काच ओढून घेतलीस. तुझा राग मी समजू शकतो. फोन केला असता तर पुन्हा तोच विषय निघाला असता, म्हणून लिहीत आहे. लिहिताना माणूस जरा आवरते घेतो. या पत्रात दशांश चिन्हाबद्दल एक अक्षरही लिहिणार नाही, असे तुझ्या आईला आधीच सांगून बसलो आहे.

एक तारखेपासून तू नवजात अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत, काम करणार, ही बातमी आता पेठेत सर्वांना कळली आहे. माधवकाकाने आपल्या औषधांच्या दुकानात येऊन विचारले की, पुरुष माणसाला तान्ह्या बाळांकडे कशाला घालतात. मोठ्यांच्या आयसीयूत ब्रदर चालतो तर इथे का चालू नये, असे मी त्याला म्हणालो. तरीही त्याच्या प्रश्नातला थोडा भाग खरा आहे. आया तिथे दूध काढत असतात, बाळाला उघड्या छातीशी धरून बसलेल्या असतात. पडदा ओढल्याशिवाय आणि विचारल्याशिवाय जवळ जायचे नाही, आणि गरज पडल्यास सिस्टरना सोबत घ्यायचे. उलट, बापांच्या बाबतीत तुझा उपयोग इतरांपेक्षा जास्त होईल. बाळाला असे छातीशी धरण्याची ही कांगारू पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास सुरू झाली, कारण तिथे बाळांच्या मानाने त्यांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. आता जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली सांगितले आहे की, कमी दिवसांच्या बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर असे कातडीला कातडी लावून धरावे. बापानेही धरले तरी चालते. पण आपल्याकडचा बाप दवाखान्यात शर्टाची बटणे काढायला लाजतो, आणि त्याची ती लाज एखादा ब्रदरच सहज मोडू शकेल.

आजीने मनगटावर बांधलेला जोतिबाचा धागा मात्र पहिल्याच दिवशी काढून ठेव. कोपरापर्यंत हात धुवायचे तिथे धागा, घड्याळ, अंगठी काहीही नको. आजीची समजूत मी काढतो. तिला सध्या वेगळाच प्रश्न पडला आहे. कमी दिवसांच्या बाळांचा श्वास मध्येच थांबतो आणि त्यासाठी त्यांना कॅफीन देतात, असे तू सांगितल्यापासून ती विचारते आहे की, म्हणजे बाळांना चहा पाजतात का.

आता लिहितोच. तुझ्या आईला वाचून दाखवू नकोस.

जेंटामायसिन या अँटिबायोटिकची जी अँप्यूल, म्हणजे काचेची कुपी, आपल्या दुकानात असते, ती दोन मिलिलिटरची, आणि तिच्यात ८० मिलिग्रॅम औषध. एक किलोच्या बाळाला पाच मिलिग्रॅम द्यायचे असेल तर त्यातले जेमतेम ०.१२५ मिलिलिटर लागते. मोठ्या माणसाच्या डोसमध्ये दहापट चूक व्हायची झाली तर अँप्यूलमागून अँप्यूल फोडावी लागेल, आणि तिसऱ्या-चौथ्या अँप्यूललाच हात थबकेल. बाळाच्या बाबतीत दहापट म्हणजे सव्वा मिलिलिटर. ते त्याच एका अँप्यूलमध्ये असते, दोन मिलिलिटरच्या लहान सिरिंजमध्ये मावते, आणि डोळ्याला काहीच खटकत नाही. मला झोप लागत नाही ती या विचाराने. औषध आधी पातळ करून घेतात हे मला ठाऊक आहे, पण पातळ करताना आणखी एक भागाकार वाढतो, हेही तितकेच खरे आहे. म्हणून नुसते टिंब देऊन पाच लिहू नकोस, त्याच्या आधी शून्य लिही. आणि पाच लिहायचे असेल तेव्हा पुढे टिंब देऊन शून्य जोडू नकोस, कारण घाईत ते पन्नास वाचले जाते. डॉक्टरांनी रात्री फोनवर डोस सांगितला तर तो लिहून घेऊन त्यांना पुन्हा वाचून दाखव, ते वैतागले तरी. आणि दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेताना तुझे उत्तर तिला आधी सांगू नकोस. तिला तिचा हिशेब स्वतंत्र करू दे. तयार उत्तर पाहून मान डोलावणे म्हणजे तपासणे नव्हे.

हे सर्व तुला शिकवलेले आहे. मी पुन्हा मास्तरकी करू लागलो, याबद्दल रागावू नकोस.

खरे तर या गोष्टीवर माझा विश्वास बसला तो सुमीची मुलगी परी सांगलीला पेटीत होती तेव्हा. तिसाव्या आठवड्यातच जन्मलेली, वजन १,२४० ग्रॅम. तू तेव्हा बारावीत होतास आणि माझ्यासोबत काचेबाहेर उभा होतास. आत एका सिस्टरने सिरिंज भरली, उजेडासमोर धरली, ओठ हलवत काहीतरी पुटपुटली, आणि देण्याऐवजी पलीकडच्या पेटीजवळच्या सिस्टरला हाक मारली. दुसरी आली, कागद पाहिला, स्वतःच्या तळहातावर पेनाने आकडे मांडले, मग सिरिंज पाहिली. मी आयुष्यभर काउंटरमागे एकट्याने औषधे दिली, माझा हात बघायला शेजारी कोणी नव्हते. त्या दोघींना पाहून मला त्यांचा हेवा वाटला होता. तू मात्र वेगळेच विचारलेस. त्या बाळाची टिकली एवढी पट्टी काढायला त्यांना इतका वेळ का लागतो आहे, असे तू विचारलेस, आणि बाहेर आलेल्या सिस्टरने सांगितले की चिकटपट्टी ओढली तर कातडीच निघून येते. त्या दिवसापासून तुझे इंजिनिअरिंगचे बोलणे बंद झाले. तुझ्या आईने ते मनाला लावून घेतले होते, पण आता तीच सर्वांना सांगत फिरते.

अमेरिकेत इंडियानापोलिस इथे २००६ साली काय झाले ते तुला वर्गात सांगितले असेल. बाळांच्या सलाइनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून दर मिलिलिटरला दहा युनिटचे हेपारिन वापरायचे, त्या खणात दहा हजार युनिटच्या व्हायल ठेवल्या गेल्या. आकार सारखाच, रंगही जवळपास तसाच. तीन बाळे गेली. व्हायल चुकीच्या खणात ठेवणारा माणूस नर्स नव्हता, औषध विभागातला होता, म्हणजे माझ्या जातकुळीतला. पण ती बाळांना दिली नर्सेसनी, आणि त्यांचे पुढचे आयुष्य कसे गेले असेल याचा मी विचार करतो. मला बाळांची काळजी जास्त आहे की तुझी, हे खरोखरच सांगता येत नाही.

आणि तरीही या बाबतीत तुझ्याइतका भरवसा मी कोणाचा धरत नाही. तू तिसरीत असताना आपल्याकडे एकाच कंपनीचे पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप शेजारी-शेजारी असायचे. थेंबांत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम आणि सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५, म्हणजे चौपटीचा फरक. खोकी मात्र जुळ्या भावांसारखी. तुला हा हिशेब कळायचे वय नव्हते. पण "बाबा, ही दोन सारखी दिसतात," असे म्हणून तू स्टुलावर चढलास आणि थेंबांच्या प्रत्येक खोक्याला एकेक रबरबँड चढवून ती वरच्या फळीवर नेऊन ठेवलीस. आजही थेंब वरच्याच फळीवर आहेत, आणि दुकानातल्या नव्या पोराला मी कारण न सांगता तसेच ठेवायला लावतो. तिथेही सारखी दिसणारी दोन औषधे एका ट्रेमध्ये दिसली तर नवीन आहे म्हणून गप्प बसू नकोस, इन्चार्ज सिस्टरना सांग.

रात्रपाळीआधी दुपारी झोपत जा. पहाटे चारला भागाकार करायचा आहे, एवढे लक्षात ठेव. नाना बुधवारी पुण्याला येत आहेत, त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि माझा जुना कॅल्क्युलेटर पाठवतो. त्याचे टिंबाचे बटण व्यवस्थित चालते, मी तपासले आहे.

एकच उदाहरण घालतो, शेवटचे. बाळाचे वजन १,१५० ग्रॅम. कागदावर लिहिले आहे, "कॅफीन, २० मिलिग्रॅम दर किलोला." हातातल्या व्हायलवर लिहिले आहे, "कॅफीन सिट्रेट, एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम." सिट्रेटमध्ये शुद्ध कॅफीन निम्मेच असते, हे तुला माहीत आहे. किती मिलिलिटर भरशील, आणि भरण्याआधी डॉक्टरांना काय विचारशील, ते बुधवारी नानांजवळ लिहून दे.

तुझा,
बाबा