जनुकीय चाचणी म्हणजे भाकीत नव्हे

मानसिक आजार आणि निरोगी वार्धक्य यांच्या जनुकीय संशोधनावरचा आपल्या दैनिकातील लेख वाचला. माहिती उत्तम, पण चाचणीतून आजार आधीच कळेल हा त्यातला सूर पटला नाही. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराशी संबंधित २८७ जनुकीय स्थाने (डीएनएवरच्या जागा) २०२२च्या एका मोठ्या अभ्यासात आढळली आणि त्यांतल्या बहुतेकांचा सुटा प्रभाव अगदी किरकोळ आहे. एकाच बीजांडापासून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार जडला, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरा त्यातून सुटतो. जनुके तर दोघांची जवळपास सारखीच! अल्झायमरचा धोका वाढवणारे एपीओई-४ हे जनुकाचे रूप असूनही अनेकांची बुद्धी ऐंशीनंतरही तल्लख राहते. संशोधन हवेच, नव्या औषधांसाठी तर नक्कीच. मात्र समुपदेशनाविना जनुकीय चाचण्यांचे अहवाल थेट ग्राहकाच्या हाती ठेवणाऱ्या कंपन्यांना चाप लावायला हवा.

– एक वाचक