आईच्या बायोप्सीचा ब्लॉक आणि दुरुस्त रिपोर्ट मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
पॅथॉलॉजी विभाग

महोदय,

माझ्या आईच्या (वय ६८) उजव्या तळपायाची गाठ काढून तुमच्या लॅबकडे दिली, त्याला आज सहा आठवडे झाले. गाठ दहाएक वर्षांची. घरात आम्ही सगळे कुरूपच समजत होतो. दिवाळीनंतर मात्र ती लालबुंद होऊन वाढायला लागली. चप्पल नुसती घासली तरी रक्त यायचं.

त्वचारोगतज्ज्ञांनी तुमच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘जुनी गाठ, अलीकडे वाढ. पोरोमा? पोरोकार्सिनोमा?’ म्हणजे घामाच्या नळीची साधी गाठ की तिचा कर्करोग, अशी शंका. फॉर्मचा फोटो सोबत जोडला आहे. तुमच्या रिपोर्टवर मात्र ‘क्लिनिकल हिस्टरी: दिलेली नाही’ असं छापलंय आणि खाली एका ओळीत निदान: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कर्करोग. काढलेल्या तुकड्याच्या कडा कर्करोगापासून मोकळ्या आहेत की नाहीत, याबद्दल अवाक्षर नाही.

घामाच्या ग्रंथींचा कर्करोग दुर्मीळ आहे, मान्य. पण पोरोकार्सिनोमाचं वर्णन १९६३ सालीच झालंय, आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली स्क्वॅमससारखा दिसू शकतो, म्हणून तर डॉक्टर शंका लिहून पाठवतात. ती ओळ तपासणाऱ्यापर्यंत पोचलीच नाही. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनी तुमच्याच स्लाईडवर मला बारीक गोल पोकळ्या दाखवल्या. त्या घामाच्या नळ्याच आहेत का, हे बघायला सीईए आणि ईएमए ही प्रथिनं शोधणाऱ्या तपासण्या कराव्या लागतील, आणि त्यासाठी ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, लागतो. तो मी तीनदा मागितला. एकदा ‘गोडाऊनला गेलाय’, एकदा ‘पॉलिसीत बसत नाही’, तिसऱ्यांदा ‘मॅडम, ईमेल करा’. ईमेलला उत्तर नाही.

तळपायाची अजून किती कातडी काढायची, जांघेतल्या लसिका ग्रंथी तपासायच्या का, याचा निर्णय सर्जननी या तपासण्यांसाठी थांबवलाय. आई रोज संध्याकाळी पट्टी बदलताना विचारते, “आला का गं तुझा तो रिपोर्ट?”

ब्लॉक आठ दिवसांत द्यावा. फॉर्मवरची माहिती धरून, कडांच्या उल्लेखासह दुरुस्त रिपोर्ट द्यावा आणि या दोन तपासण्यांचा खर्च कंपनीने करावा. डॉक्टरांची ओळ कलेक्शन सेंटरवर गळली की लॅबमध्ये, हे शोधून मला लेखी कळवावं.

ब्लॉक कुरिअरने पाठवू नका. तो एकच आहे. मी स्वतः येऊन सही करून घेऊन जाईन.

आपली,
रुग्णाची मुलगी